बारा दारांची चिनी कादंबरी वाचली का कोणी? आणि आपल्याकडे अशी गोष्ट का नाही?

रातकिडा
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रात्री दोन-अडीचपर्यंत जागून एक चिनी वेब कादंबरी वाचतोय, 'कॅलिडोस्कोप ऑफ डेथ'. शी झीशू या नावाने लिहिलेली, २०१८ मध्ये जिनज्यांग या संकेतस्थळावर क्रमशः आलेली.

सुरुवात अगदी साधी. लिन चिउशी नावाचा एकटा राहणारा तरुण. त्याची मांजर अचानक त्याला हात लावू देत नाही. घरात काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला जाणवतं. मग एके दिवशी बाहेर जायला तो घराचं दार उघडतो, तर समोर जिन्याच्या जागी लांबलचक बोळ आणि त्यात बारा लोखंडी दारं. एक उघडतं. आत बर्फात बुडालेलं गाव, एक विहीर, शवपेट्या करणारा सुतार आणि त्याच्यासारखेच ओढून आणलेले काही अनोळखी लोक. किल्ली शोधायची, बाहेरचं दार शोधायचं, सुटायचं. आत मेलात तर खऱ्या जगातही मेलात.

भुतांच्या गोष्टी मी लहानपणापासून वाचत आलोय, पण इथे भूत मनाला येईल तेव्हा मारत नाही. तुम्ही त्याचा एखादा नियम मोडलात तरच मारतं, आणि तो नियम काय ते कोणी सांगत नाही. मला भीती त्याचीच वाटली. दोन प्रश्न आहेत: तुम्ही वाचली असेल तर कशी वाटली? आणि मराठीत अशी दारा-नियमांची गोष्ट कोणी का लिहीत नाही?

मावळतीकर
वाचायला घेतली, पाचव्या की सहाव्या दारापाशी सोडली. दरवेळी तेच: नवी जागा, दहा-बारा माणसं, पहिल्या रात्री एक बिनडोक मरतो, दुसऱ्या रात्री एक आगाऊ मरतो, आणि नायकाच्या जोडीदाराला सगळं आधीच कळलेलं असतं. याला कादंबरी म्हणवत नाही. नुसत्या व्हिडिओ गेमच्या पायऱ्या आहेत.

अश्विनी_ठा
मावळतीकर, पायऱ्या आहेत हे खरं, आणि त्यामागे कारण आहे. हा चिनी वेब साहित्यातला एक रुळलेला प्रकार आहे, त्याला तिकडे 'वूशियान ल्यू' म्हणजे 'अनंत प्रवाह' म्हणतात. २००७ मध्ये छीत्यान या संकेतस्थळावर 'वूशियान कोंगबू' नावाची कादंबरी सुरू झाली, त्यात माणसं भयपटांच्या जगात फेकली जातात. तिथून हे नाव आणि हा सांगाडा आला. एक जग संपलं की पुढचं, वाट्टेल तेवढं वाढवता येतं.

आणि तिकडचा लेखक लिहितो कसा, तेही बघा. सुरुवातीची प्रकरणं फुकट, पुढची विकत, आणि भाव हजार अक्षरांमागे काही पैसे. त्या पैशांना तिकडे फन म्हणतात, युआनचा शंभरावा भाग. रोज एक प्रकरण टाकायचं आणि ते अशा जागी तोडायचं की वाचक उद्या परत आला पाहिजे. त्यामुळे पसरटपणा येतो, कबूल. पण प्रकरण कुठे तोडायचं याची त्यांची समज जबरदस्त असते. आपल्याकडे साप्ताहिकांत क्रमशः कादंबऱ्या यायच्या तेव्हा आमची आई अंक आला की आधी शेवटचं पान उघडायची. तीच हुरहूर.

रातकिडा
@मावळतीकर, जोडीदाराला म्हणजे रुआन नानचूला सगळं कळतं, कारण तो खूप दारं पाहून आलाय. पण नियमांचा एक बारकावा तुम्ही सोडलात. आत एका माणसाने दुसऱ्याला मारलं तर मेलेला भूत होऊन मारणाऱ्याच्या मागे लागतो. त्यामुळे कोणी सरळ खून करत नाही. चुकीची माहिती देतात, नको त्या खोलीत पाठवतात, नियम मोडायला लावतात. माणसाचं पाणी तिथे दिसतं. मला वाचत ठेवलं ते या भागाने.

पमाकाकू
मी वाचलेली नाही, पण रातकिडाने जे सांगितलं ते ऐकून हसू आलं. अरे बाळांनो, हे आपल्याकडे नाही कसं?

वनपर्वातला यक्ष आठवा. तहानेने जीव चाललाय, समोर तळं आहे, आणि आवाज येतो: आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं, मग पाणी. नकुल ऐकत नाही, पडतो. सहदेव, अर्जुन, भीम, एकेक करून तेच. प्रत्येकाला आधीच्या भावाचं प्रेत काठावर दिसतंय, तरी पाणी पितो! पाचवा धर्मराज मात्र थांबतो आणि विचारतो, तू कोण आहेस. सगळी उत्तरं दिल्यावर यक्ष म्हणतो, एका भावाला उठवतो, सांग कोणाला. भीम-अर्जुन सोडून तो नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा म्हणजे मी आहे, माद्रीचाही एक राहू दे. तुमच्या त्या बारा दारांत याहून अवघड दार आहे का?

आणि वेताळ पंचविशी? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. दोन्हीकडून कोंडी. शेवटी सुटायची युक्तीही वेताळच सांगतो: तो मांत्रिक तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा आहे, मला कोणापुढे वाकायची सवय नाही, आधी तू घालून दाखव. मांत्रिक वाकला आणि तिथेच संपला.

अश्विनी_ठा
काकू, दंडवत! हिरण्यकशिपूही यातच बसतो. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. अख्खं वरदान म्हणजे नियमांची यादी, आणि नरसिंहाने त्यातली फट शोधली ती उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला. आजी आम्हाला त्या वेळी उंबरठ्यावर बसू द्यायची नाही.

पमाकाकू
आमच्याकडेही. आणि रात्री बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. भुताला तीनदा हाक मारता येत नाही म्हणे. माझे सासरे वारले त्या पावसाळ्यात चुलत दीर रात्री निरोप घेऊन आले होते आणि अंगणातून दोनदा हाक मारून थांबले. आम्ही सगळ्या जाग्या, पण एकीनेही ओ दिली नाही. शेवटी कडी वाजवली तेव्हा दार उघडलं. ते भिजून गारठले होते. बिचाऱ्यांना काय बोलावं तेच कळेना.

कंदील
काकूंची हाकेची गोष्ट वाचून राहवलं नाही. आमचं गाव बार्शीकडचं. वाड्यात ज्वारीचं पेव होतं. नव्या मुलांना माहीत नसेल, पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखं फुगलेलं. कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड आणि चिखलाने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं धान्य टिकायचं.

पण उघडायचा नियम कडक. दगड काढला की लगेच कोणी वाकून बघायचं नाही. उघडं टाकायचं, वारं लागू द्यायचं. मग आजोबा दोरीला कंदील बांधून हळूहळू सोडायचे. हात-दोन हात खाली गेला आणि ज्योत बारीक झाली की ओढून घ्यायचे. विझली तर त्या दिवशी पेवाकडे फिरकायचं नाही. साठवलेलं धान्यही श्वास घेतं, आतला प्राणवायू संपवतं आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं. आजोबांना वायू ठाऊक नव्हता, कंदील ठाऊक होता. शेजारच्या गावात एकाच पेवात बाप उतरला, त्याला काढायला मुलगा, आणि मुलाला काढायला गडी. तिघेही गेले. यक्षाच्या तळ्यासारखंच, आधीचा पडलेला दिसतोय आणि तरी पुढचा उतरतो. मात्र इथे तहानेने नाही, मायेने.

मराठीत दार लिहायचं असेल तर हे लिहा. मी ती ज्योत बारीक होताना डोळ्यांनी बघितली आहे. बघणाऱ्या सगळ्यांचं बोलणं एकदम थांबतं.

रातकिडा
काका, अंगावर काटा आला. हे पहिलं दार ठरलं.

मावळतीकर
कंदीलकाकांची एक पोस्ट त्या अख्ख्या कादंबरीपेक्षा भारी आहे. माझं म्हणणं हेच होतं. तिथे नियम लेखकाने हवेतून काढलेले असतात, इथे नियमाला कारण आहे.

अश्विनी_ठा
हवेतून नाही हो. प्रत्येक दारासाठी एक चिठ्ठी असते, आणि तिच्यावरचे दोन-चार शब्द एखाद्या जुन्या गोष्टीकडे बोट दाखवतात. एकीवर 'फिचरचा पक्षी' एवढंच असतं. ती ग्रिम बंधूंच्या संग्रहातली ४६व्या क्रमांकाची गोष्ट. जादूगार तीन बहिणींना एकामागून एक पळवून नेतो, हातात किल्ल्या आणि एक अंडं देतो आणि सांगतो, या एका खोलीत जायचं नाही. दोघी जातात, अंड्याला रक्ताचा डाग पडतो आणि पकडल्या जातात. तिसरी आधी अंडं नीट ठेवून देते आणि मगच आत जाते. ही गोष्ट ज्याला माहीत, त्याला दारातले धागे जुळवता येतात. म्हणजे तिथे लोककथा माहीत असणं हे जगण्याचं साधन आहे. मला हे फार आवडलं. आजीचं बोलणं कान देऊन ऐकलेला माणूस वाचतो.

कोडंप्रेमी
थोडं विषयांतर. मला खऱ्या 'एस्केप रूम'चं वेड आहे. आधी संगणकावरचे खोलीत कोंडलेले खेळ आले आणि २००७ मध्ये जपानमधल्या क्योतोत ताकाओ काटो यांनी माणसांना प्रत्यक्ष कोंडून खेळ भरवला. तिथून जगभर पसरलं. चीनमध्ये तर एवढं फोफावलं की २०२२ मध्ये तिथल्या सरकारला त्यासाठी नियमावली काढावी लागली.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन शहरात अशा खोलीत आग लागली आणि वाढदिवस साजरा करायला गेलेल्या पाच मुली गेल्या. सगळ्या १५ वर्षांच्या. मी हल्ली आत शिरण्याआधी विचारतो, दार आतून कसं उघडतं ते दाखवा. मागच्या वर्षी आपल्याच राज्यातल्या एका ठिकाणी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, आतून नाही उघडत, तीच तर मजा आहे." मी पोरांना घेऊन तिथूनच परत फिरलो. पोरं रुसली, रुसू देत. मुलांना पाठवत असाल तर हा प्रश्न विचाराच.

पमाकाकू
बरं केलंस सांगितलंस. नातू पुढच्या आठवड्यात जाणार आहे, मी स्वतः जाऊन विचारते.

एकटी_वाट
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

ही कादंबरी मी दोन वर्षांपूर्वी आयसीयूच्या बाहेर बसून वाचली. बाबा आत होते. तिथे एका वेळी एकच नातेवाईक, तोही गळ्यात पास घालून, चपला बाहेर काढून. बाकीचे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. दार काचेचं, पण काच दुधी. मध्येच ते अर्धं उघडायचं आणि सिस्टर हाक मारायच्या, "बेड नंबर सातचे नातेवाईक!" सातचे उठायचे. बाकी सगळे, आम्ही पाचवाले, नऊवाले, न उठता सातवाल्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो, ते बाहेर येईपर्यंत.

रातकिडा, तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून सांगते, यात फार काही उघड होत नाही: त्या दारांत वाट्टेल तो ओढला जात नाही. ज्यांचा मृत्यू जवळ आलाय, आजाराने म्हणा, अपघाताने म्हणा, त्यांनाच दारं दिसतात. एक दार पार केलं की थोडे दिवस मिळतात, बारावं पार केलं की आयुष्य परत मिळतं. त्या खुर्चीवर बसून मी हे वाचत होते, आणि मला भुतांची एक क्षणही भीती वाटली नाही. मला हेवा वाटला. त्यांना किल्ली होती. कुठेतरी लपवलेली, अवघड, पण होती. मी डॉक्टरांना रोज विचारायचे, आम्ही काय करू, आणि ते चांगले होते बिचारे, म्हणायचे, तुम्ही काही करण्यासारखं नाहीये, थोडं खाऊन घ्या.

बाबा घरी आले नाहीत. कादंबरी मी नंतर पूर्ण केली. शेवट बरा की वाईट मला सांगता येणार नाही. पण त्या अकरा रात्रींत तिने मला धरून ठेवलं, म्हणून तिला कोणी नुसता गेम म्हटलं की लागतं.

मावळतीकर
ताई, मी ते लिहिलं तेव्हा हे डोक्यात नव्हतं. माफ करा. कादंबरीबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही, पण 'नुसता' शब्द मागे घेतो.

एकटी_वाट
अहो, माफी कसली. मत असू द्या तुमचं.

शब्दवेडी
एकटी_वाट, तुमच्यासाठी शब्द सुचत नाहीत, म्हणून ज्यात मला थोडं कळतं त्याबद्दल लिहिते.

रातकिडाचा दुसरा प्रश्न मला छळतोय. मी या कादंबरीचं पहिलं दार स्वतःपुरतं मराठीत करून बघितलं आणि एका जागी साफ अडकले. पहिल्या दारात रुआन नानचू बाईच्या वेषात असतो, रुआन बाईज्ये या नावाने. लिन चिउशीला ती एक उंच, सुंदर, जरा रडूबाई मुलगी वाटते. चिनी बोलताना 'तो' आणि 'ती' यांचा उच्चार एकच, 'था'. लिहिताना अक्षरं वेगळी, पण तीही पूर्वीपासून नव्हती. स्त्रीसाठीचं वेगळं अक्षर रूढ झालं ते १९२०च्या आसपास, ल्यू बाननोंग या कवीच्या पुढाकाराने. आणि क्रियापदाला तर लिंगच नाही. तो स्वतःबद्दल बोलताना "मी आलो" म्हणतोय की "मी आले", हा प्रश्नच चिनीत उठत नाही. तो आयुष्यात एकदाही खोटं न बोलता बाई म्हणून वावरू शकतो.

मराठीत पहिल्या वाक्याला पकडला जातो! "मी घाबरले" म्हटलं की खोटं बोलला. "मी घाबरलो" म्हटलं की वेष गळून पडला. मी आठवडाभर पळवाटा शोधल्या. "मला भीती वाटते" चालतं. "माझ्याच्याने चालवत नाही" चालतं. "मला पाणी हवंय", "माझे पाय गारठले", "मला कोणीतरी दिसलं" सगळं चालतं. म्हणजे मराठीत त्याला अशी वाक्यं शोधून शोधून बोलावं लागेल, ज्यात तो कर्ता नाहीच. सगळं त्याला होतं, वाटतं, दिसतं. आणि गंमत म्हणजे त्यातून आपोआप एक नाजूक, हतबल मुलगी उभी राहते. जी त्याला हवीच आहे.

अश्विनी_ठा
शब्दवेडी!! हेच तर मराठी दार आहे. एक असा नियम, जो फक्त मराठीतच शक्य आहे. सात जणांत एक जण माणूस नाही, आणि जो माणूस नाही त्याला "मी" कर्ता म्हणून वापरताच येत नाही. तो कधीच "मी गेलो", "मी केलं" म्हणत नाही. वाचकासमोर दहा पानं उघड्यावर असतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

शब्दवेडी
"मी केलं" चालायला हवं. तिथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. पण तुझ्या नियमात त्याला करणं हेच जमत नसेल तर तेही बाद. थांब, मी यादी करते.

रातकिडा
मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारतोय. मी लिहू का हे? शब्दवेडी, अश्विनी, तुमची परवानगी असेल तर. आणि एखाद्या दारात कोकण घ्यावं म्हणतो. रात्री मोठाल्या चपला घालून गावातून फिरणारा आरवलीचा वेतोबा...

आंबेगाळ
एक मिनिट. मी त्याच भागातला. आरवलीचा वेतोबा भूत नाही. तो आमचा राखणदार आहे, ग्रामदेवता. त्याला लोक चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात, नवस फेडतात. चपला झिजतात त्या तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून, असं आम्ही मानतो. माझी आई मुंबईहून दरवर्षी जाते. त्याला खेळातला मारेकरी करू नका, कळकळीची विनंती. देवचार घ्या, गिऱ्हा घ्या, चकवा घ्या, कोकणात भुतांचा तुटवडा नाही.

रातकिडा
चूक झाली, वेतोबाला हात लावत नाही. चकवा उत्तम. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर त्याच झाडाभोवती फिरतो, हेच खरं कोंडणं. भिंती नाहीत, दार नाही, आणि तरी बाहेर पडता येत नाही.

कंदील
चकवा लागला की बसून राहायचं, उजाडेपर्यंत चालायचं नाही, असं आमच्याकडेही म्हणत. जो घाबरून चालत राहतो तो दमून मरतो.

रातकिडा
मंडळी, रात्री बसून सुरुवात केली. पहिलं दार, वाडा आणि पेव. कच्चं आहे, चुका काढा:

"सात जण चौकात उभे होते. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. वर पत्र्यावर पाऊस नव्हता, तरी पन्हळीतून पाणी पडत होतं. तुळशीपाशी एक बाई थरथरत उभी होती. 'मला थंडी वाजतेय,' ती म्हणाली, 'माझे पाय उचलत नाहीत.' कोणीतरी तिला आपली शाल दिली. तेवढ्यात देवडीकडून आवाज आला. दिंडी दरवाजाला आतून अडसर लागला होता."

शब्दवेडी
"मला थंडी वाजतेय, माझे पाय उचलत नाहीत." अगं आई गं.

कंदील
पन्हळ आणि देवडी झकास. पण एक विचारू? आमच्या वाड्याचा अडसर म्हणजे सागाचा अख्खा वासा, भिंतीतल्या खोबणीत सरकवलेला असायचा. ओढून पलीकडच्या खोबणीत घालायला दोन गडी लागायचे. सातही जण चौकात आहेत म्हणतोस. मग आतून तो लावला कोणी?

रातकिडा
काका, मोजलंत तुम्ही. पुढचा भाग शनिवारी टाकतो.